मांडीवरची सॅक

"परवापर्यंत आली असतीस तर तासभर भेटीला बसवलं असतं तुला," फिरत्या पिंपामागचा आवाज म्हणाला. "आता ईस्टर झाल्यावरच."

फुल्विया सॅकचा एक पट्टा खांद्यावरून उतरवत होती. हात तिथेच राहिला. भिंतीत बसवलेलं ते लाकडी पिंप तिच्या छातीच्या उंचीवर होतं, एका बाजूने उघडं. त्यात वस्तू ठेवायची, पिंप आसाभोवती फिरतं आणि वस्तू पलीकडे जाते. देणाऱ्याने घेणाऱ्याला पाहायचं नाही, घेणाऱ्याने देणाऱ्याला. मोंतेसोर्बोच्या या मठाच्या दारात ती सहा वर्षांत तिसऱ्यांदा उभी होती.

"पण आज गुरुवार आहे, सिस्टर," ती म्हणाली.

"हो ना. आणि काल बुधवार होता. राखेचा."

"राखेचा," फुल्विया म्हणाली.

"तू मिलानची का गं?"

"हो."

पिंपामागून सुस्कारा आला. त्याच्या शेपटाला थोडं हसू होतं. "अगं माझ्या बाळा! तुमच्याकडे अजून कार्निव्हल चालू असेल."

तिला हे माहीत नव्हतं असं नाही. बाकी सगळ्या देशात बुधवारी डोक्यावर राख पडते आणि उपवासकाळ लागतो. मिलानचं चर्च मात्र आपल्या जुन्या संताची वेगळी गणती पाळतं, आणि तिथली पोरं आणखी चार दिवस कागदाच्या रंगीत टिकल्या उधळत हिंडतात. शनिवारी कार्निव्हल संपतो. रविवारी उपवास लागतो. लहानपणी मावसभाऊ तोरिनोहून यायचे तेव्हा या चार दिवसांचा तोरा मिरवला होता तिने. पण माहीत असणं वेगळं. डोंगरावर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं हे तिला पाठ होतं, तरी डोंगरातल्या भाड्याच्या खोलीत बटाटे शिजायला ठेवताना कधी आठवलं नव्हतं. गेली तेरा वर्षं ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होती. कुठलंही उपकरण आधी शून्यावर आणायचं, मग माप घ्यायचं, हे ती नव्या मुलींना शिकवायची. जानेवारीत तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात ईस्टर शोधला होता, मागे मोजत आली होती आणि शनिवारभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलं होतं. मोजणी बरोबर होती. शून्य तेवढं आपल्या घरातलं धरलं होतं.

"सिस्टर आग्नेसेला सांगाल का, मी आलेय म्हणून?"

"नाही सांगता येत, पोरी. सांगितलं की मन हलतं. मग चाळीस दिवस ते हलतच राहतं."

"आणि मदरना विचारलं तर?"

"मदर पहिला आठवडा मौनात. आणि बोलत्या असत्या तरी काय? मागच्या वर्षी सिस्टर पिया, तिचा सख्खा भाऊ आर्जेंटिनाहून आला होता. बोटीने नाही, विमानाने आला, तरी पण आर्जेंटिना! बाहेरून भिंतीला हात लावून गेला बिचारा." आवाज खाली आला. "आई किंवा वडील गेले तरच उघडतात. तिचे आईवडील बरे आहेत ना?"

"बरे आहेत," फुल्विया म्हणाली. क्षणभर तिच्या मनात जे येऊन गेलं त्याची तिला लाज वाटली.

तिने सॅकच्या वरच्या कप्प्यातून कागदी पुडा काढला. घराखालच्या बेकरीतल्या तळलेल्या पट्ट्या होत्या, आपल्या चिरोट्यांसारख्या खुसखुशीत, वर पिठीसाखर. देलिया, म्हणजे आता इथली सिस्टर आग्नेसे, पूर्वी त्या खाताना मुद्दाम श्वास सोडायची आणि समोरच्याच्या कोटावर साखर उडवायची. फुल्वियाने पुडा पिंपात ठेवला. पिंप कुरकुरत फिरलं. पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला, मग पिंप परत फिरलं. पुडा जसा होता तसा परत आला होता. कागदाची घडी मात्र नव्याने, जास्त नीट घातलेली होती.

"वास छान आहे," आवाज म्हणाला. "पण तळलेलं आणि गोड. कोणाला तरी देऊन टाक. चिठ्ठी असेल तर दे, ती ठेवून घेते. ईस्टरला मिळेल तिला."

चिठ्ठीत काय लिहायचं? प्रश्न देलियाचा होता. तिचं पत्र जानेवारीत आलं होतं, उघड्या पाकिटात, कारण इथून जाणारी पत्रं मदर वाचतात. ओळी तीनच होत्या. 'उपवासकाळ लागण्याआधी ये. एक गोष्ट विचारायची आहे, तुलाच, आणि समोरासमोर. ईस्टरनंतरच्या शनिवारी माझी शेवटची व्रतं आहेत.' शेवटची म्हणजे जन्माची. आतापर्यंतची वर्षावर्षाची होती. संपली की दार उघडून बाहेर पडता येत होतं, कोणी जाब विचारला नसता. त्या शनिवारनंतर ते दार राहणार नव्हतं. फुल्वियाने पत्र दिव्यासमोर धरूनही पाहिलं होतं, जणू कागदाच्या आत आणखी एक ओळ असेल. कोणाला विचारायची वेळ आली तर देलिया मला विचारते आहे, याचा आनंद तिला आधी झाला होता, आणि भीती नंतर वाटली होती. देलियाही मिलानचीच. 'लक्षात ठेव, इथे बुधवारी लागतो' एवढं ती सहज लिहू शकली असती. ती विसरली, की सहा वर्षांत मिलानचे ते चार दिवस तिच्या आतून पुसूनच गेले? यातलं कुठलं जास्त दुखतं हे फुल्वियाला ठरवता येईना.

"चिठ्ठी नाही," ती म्हणाली.

"बरं. साडेपाचला संध्याप्रार्थना आहे, चर्च उघडं असतं. तिथे बसायला कोणाची बंदी नाही," आवाज म्हणाला, आणि पलीकडे पावलं दूर गेली. रबरी बूट असावेत, फरशीला चिकटत सुटत जाणारे.

चौकातल्या बारमध्ये तिच्याशिवाय कोणी नव्हतं. बारचा मालक ओरेस्ते सत्तरीचा, बारीक, कपबशा पुसता पुसता दाराकडे पाहणारा. त्याने सॅककडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

"परत पाठवलं ना? पट्ट्या?"

"घ्या तुम्ही."

"मी? माझी बायको वरच्या खिडकीत बसलेली असते. उपवासात माझ्या मिशीला साखर दिसली तर ईस्टरचं कोकरू मलाच करेल." तरी त्याने एक उचललीच, पाठ रस्त्याकडे करून. "मिलानच्या तुम्ही? तरीच. तुम्हा लोकांना देवसुद्धा चार दिवसांची मुदत देतो. आम्हाला इथे वीज कंपनी देत नाही."

"मी रविवारीच निघाले होते," फुल्विया म्हणाली. का सांगितलं तिला कळलं नाही.

"रविवारी? मिलानहून? चालत?"

ती हसली, कारण हसणं सोपं होतं. वेगवान गाडीने निघाली असती तर रविवारी दुपारीच इथे आली असती. सोमवार, मंगळवार, दोन अख्खे दिवस हातात होते, भेटीची खोली उघडी होती, जाळीपलीकडे देलिया. पण फुल्वियाने थांबत थांबत जाणाऱ्या गाड्या घेतल्या. बावीस वर्षांच्या असताना दोघी ज्या वाटेने हिंडल्या होत्या तीच वाट, तीच शहरं, जमलं तिथे तीच वसतिगृहं. जुनी सॅकसुद्धा माळ्यावरून काढली. तिच्या एका बंदाला अजून देलियाने मारलेली निळ्या दोऱ्याची गाठ होती. देलियासमोर रिकाम्या मनाने जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. जाळीपलीकडच्या बाईला आपण काय सांगणार, पाण्यातल्या क्लोरीनचं प्रमाण? म्हणून मन भरून न्यायचं, प्रत्येक स्टेशनावर थोडं थोडं. आता वाटत होतं की ही सगळी तयारी म्हणजे लांबवणं होतं, नीटनेटकं, वेळापत्रक लिहून केलेलं.

आणि खुणा तरी किती होत्या! पार्मा, बोलोन्या या दोन शहरांत काही नाही, पण मंगळवारी फिरेन्त्सेत पूल ओलांडताना पायाखाली कागदी टिकल्यांचा थर होता, आणि एक बाई राणीच्या पोशाखातल्या रडणाऱ्या मुलीला ओढत म्हणत होती, "संपलं आता, संपलं म्हटलं ना!" फुल्वियाला वाटलं, मिरवणूक संपली. बुधवारी आरेत्सोत बेकरीच्या काचेमागचं ताट रिकामं होतं; तिला वाटलं, खप चांगला आहे. चर्चमधून बाहेर आलेली एक म्हातारी पायरीवर उभी राहून केसांवरून काहीतरी करडं झटकत होती, आणि फुल्वियाने वर पाहिलं होतं, छताचा गिलावा पडतोय का म्हणून. संध्याकाळी जोगिणींच्या अतिथीगृहात मसुराचं सूप आणि पाव आला. स्वस्तातल्या जागी आणखी काय मिळणार, असं म्हणून तिने ते खाल्लं. राख, रिकामं ताट, मसूर. नमुना तपासताना पाण्याचा रंग बदलला की थेंब थांबवायचे असतात; इथे रंग बदललेला डोळ्यांसमोर होता आणि ती नळीतून थेंब सोडतच राहिली होती. त्या कामात एक थेंब जास्त पडला की गुलाबी झालेलं पाणी परत बिनरंगी होत नाही. ओतून द्यायचं आणि नव्याने सुरुवात करायची, एवढंच. इथे नवा नमुना कुठून आणणार?

कॉफी थंड झाली. ओरेस्ते दुसरी पट्टी खात होता. बाहेर चौकात ऊन होतं, फेब्रुवारीतलं, उजेडापुरतं. फुल्वियाने सॅक दोन पायांच्या मध्ये धरली होती आणि निळी गाठ बोटांनी चाचपत होती. त्या उन्हाळ्यात दोघींचा एक नियम होता. नियम कोणी केला आठवत नाही, बहुधा देलियानेच. सॅका वरच्या फळीवर असायच्या. गाडी मधल्याच कुठल्या तरी स्टेशनात शिरताना दोघींपैकी एकीला तिथे उतरावंसं वाटलं तर तिने बोलायचं नाही. फळीवरून आपली सॅक काढायची आणि मांडीवर घेऊन बसायची. दुसरीने का म्हणून विचारायचं नाही. उठायचं, आपली सॅक घ्यायची, दाराशी जायचं. "विचारलंस तर तू उत्तर तपासत बसशील, फुल्वे," देलिया म्हणायची. "तुला दर गोष्टीचा दाखला लागतो. एकदा बिनदाखल्याचं उतरून बघ ना." तसं उतरून त्यांनी सूर्यफुलांचं एक अख्खं रान पाहिलं होतं, एका सिमेंटच्या कारखान्याच्या भिंतीशी तीन तास बसल्या होत्या, एका लग्नात जेवल्या होत्या जिथे दोघींना नवरीकडच्यांनी नवऱ्याकडच्या आणि नवऱ्याकडच्यांनी नवरीकडच्या समजलं. आणि देलिया सगळीकडे गायची. गळा असा, की प्रत्येक सूर अर्धी पायरी खाली आणि अर्धा ठोका मागे. शाळेच्या वृंदगानात बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. "मी बेसूर नाही," ती सांगायची, "मी पोहोचतेय. वाटेत आहे."

एकदाच. एकदाच तो नियम मोडला गेला, आणि तो फुल्वियाने मोडला. फाब्रियानोहून अँकोनाकडे जाताना, चौदाव्या की पंधराव्या दिवशी. दुपार होती, डब्यात टरबुजाच्या सालींचा वास होता, पाय सुजले होते आणि फुल्वियाला समुद्र हवा होता, दुसरं काही नको होतं. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. गाडीचा वेग कमी झाला. एक छोटं स्टेशन आलं, पिवळी भिंत, पत्र्याच्या डब्यांत लावलेली जिरेनियमची दोन फुलझाडं, नाव वाचायच्या आधीच पाटी मागे गेली. अर्धवट मिटल्या पापण्यांतून तिने पाहिलं: देलिया उठली, तिने फळीवरून सॅक काढली आणि मांडीवर घेतली. फुल्वियाने पापण्या पूर्ण मिटल्या. गाडी थांबली. एक मिनिट असेल, कदाचित दीड. दार उघडल्याचा आवाज, कोणाची तरी सायकल उतरवल्याचा आवाज. तिने श्वास मोजून, झोपलेल्या माणसासारखा, लांब घेतला. गाडी हलली. मग बऱ्याच वेळाने वर फळीवर काहीतरी ठेवल्याचा मऊ आवाज आला. अँकोनाला देलिया नेहमीसारखी होती. समुद्रात शिरली, पाण्यात गायली. दोघी त्याविषयी कधीच बोलल्या नाहीत. परत आल्यावर एकीला प्रयोगशाळा मिळाली, दुसरी तीन नोकऱ्या सोडून एकतिसाव्या वर्षी या टेकडीवर आली. त्या स्टेशनवर काय होतं हे फुल्वियाला कळलं नाही. पण गेल्या दीड महिन्यात पत्र वाचता वाचता तिला पुन्हा पुन्हा वाटायचं, देलियाचा प्रश्न एवढाच असेल: तेव्हा तू जागी होतीस ना? आणि लगेच वाटायचं, छे, इतक्या वर्षांनी ते कशाला. प्रश्न मोठा असेल, जन्माचा असेल. मग वाटायचं, हे दोन्ही एकच असतील तर?

"बस सहा वीसला," ओरेस्ते म्हणाला. "शेवटची. खाली स्टेशनात जाते. चुकली तर इथे राहायला काही नाही, आमच्याकडे एक खोली होती तिथे आता माझी सासू आहे."

"सहा वीस," तिने म्हटलं. उद्यापर्यंत राहून तरी काय होणार होतं. आठवडाभर राहून तरी काय.

चर्चमध्ये ती सव्वापाचलाच गेली. मठाला लागून असलेलं ते लहानसं चर्च, आत बाहेरच्यापेक्षा थंड. ओलसर फरशीचा आणि मेणाचा वास. वेदीच्या मागच्या भिंतीत ती लोखंडी जाळी, दुहेरी, आडव्या गजांच्या मागे उभे गज; तिच्यामागे जोगिणींचा गायनकक्ष. इकडून पाहिलं तर नुसता अंधार दिसायचा. पण तिकडून दिसतं. दोन वर्षांपूर्वीच्या भेटीत देलियाने सांगितलं होतं. तिने जाळीला नाक लावलं होतं आणि ती खुसखुसत म्हणाली होती, "तुमची पहिली तीन बाकं आम्हाला स्पष्ट दिसतात. सकाळी तू तिसऱ्या बाकावर तीनदा जांभई दिलीस. मदरनी मोजल्या." फुल्विया तिसऱ्या बाकावर बसली. निदान दिसावं. मी आले होते, एवढं तरी तिला कळावं. कोट तोच होता, करडा, मागच्या खेपेचा. सॅक तिने शेजारी बाकावर ठेवली.

रबरी बुटांचा आवाज आला. बाजूच्या दारातून एक बुटकी, गोल जोगीण बादली आणि फडकं घेऊन आली. पिंपामागचा आवाज हिचाच, हे तोंड उघडायच्या आधीच कळलं. बाहेरची कामं बघणारी सिस्टर झिता. तिने फुल्वियाकडे पाहून मान हलवली, जशी आजारी माणसाकडे पाहून हलवतात. मग ती बाकांमधली फरशी पुसत मागे मागे सरकत गेली. गावातल्या चार म्हाताऱ्या आल्या. त्यातली एक, काठी टेकत, नेमकी तिसऱ्या बाकाशी थांबली.

"सरक गं थोडी. ही जागा माझी आहे. बेचाळीस वर्षं."

"ही पिशवी खाली ठेव ना, पोरी," झिता कुजबुजली, आणि लगेच, "नको नको, ओलं आहे! भिजेल तुझं सगळं. घे जवळच."

फुल्विया सरकली. सॅक उचलली. खाली ओली फरशी होती, बाकावर म्हातारी टेकली होती, म्हणून तिने सॅक मांडीवर घेतली आणि हात तिच्याभोवती ठेवले. जाळीमागे कपड्यांची सळसळ झाली, खूप जणींनी एकदम बसावं तशी. एक टिचकी वाजली. गाणं सुरू झालं.

उपवासकाळात ऑर्गन वाजत नाही. पंधरा-वीस आवाज, उघडे, कुठलाही आधार नसलेले, एकच सूर धरून चालले होते. फुल्विया ऐकत नव्हती, शोधत होती. गढूळ पाण्यात तळाची एक खूण शोधावी तशी. पहिल्या कडव्यात काही मिळालं नाही. आजारी असेल, किंवा इथेही तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं असेल. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी सगळे आवाज एका सुरावर येऊन थांबले आणि त्यांच्या मागून, अर्धी पायरी खालून, अर्धा ठोका उशिरा, एक आवाज त्या सुरापाशी आला. पोहोचला नाही. वाटेत होता. फुल्वियाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. शेजारच्या म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. आहे. तिथे आहे, वीस पावलांवर, तशीच आहे. सहा वर्षांत कोणी तिला सुरात आणू शकलं नाही, किंवा कोणी आणायचा प्रयत्न केला नाही. आणि हे कुठल्याही पत्रातून कळलं नसतं. तिसरं कडवं. आता तिला तो आवाज सहज सापडत होता, ओळीओळीला, इतर सगळे बाजूला होत होते. मग एका ओळीच्या मध्यावर तो थांबला.

बाकीच्या गात राहिल्या. ओळ संपली, पुढची सुरू झाली. सगळं सुरेल होतं, अगदी स्वच्छ. ऐकणाऱ्या कोणालाही वाटलं नसतं की काही कमी झालंय. फुल्वियाने मान पुढे केली. पान उलटत असेल. ठसका लागला असेल. आणखी एक ओळ गेली. तेव्हा कुठे तिला आपले हात दिसले. हात सॅकभोवती होते. सॅक मांडीवर होती. निळ्या गाठीचा बंद वर, जाळीकडे तोंड करून.

मी नाही, ती मनात म्हणाली, फरशी ओली होती, ही बाई बसायला आली. पण जाळीमागून फरशी दिसत नाही. जाळीमागून एवढंच दिसतं की मिलानहून उशिरा आलेली एक बाई तिसऱ्या बाकावर मांडीवर सॅक घेऊन बसली आहे. का म्हणून विचारायचं नाही. उठायचं, आणि दाराशी जायचं. मी तिला हे कसं सांगू शकते? काय विचारणार होती तेसुद्धा मला माहीत नाही. खाली ठेवली पाहिजे, आत्ताच्या आत्ता. तिने सॅकच्या पट्ट्याला हात घातला आणि तिला ते स्टेशन दिसलं, पिवळी भिंत, दोन जिरेनियमं, आणि बऱ्याच वेळाने वर फळीवर काहीतरी ठेवल्याचा तो मऊ आवाज. खाली ठेवली तर तो आवाज. खाली ठेवली तर मी पुन्हा डोळे मिटले, जागेपणी, तिच्या समोर. आणि मांडीवर ठेवली तर ती आत्ता तिकडे, त्या काळोखात, काय करत असेल? पट्टा धरलेला हात उचलवेना आणि पट्टा सोडवेना. प्रयोगशाळेत अशा वेळी काय करायचं ते तिला ठाऊक होतं: काहीही करायचं नाही, हात बाजूला घ्यायचे, वाट बघायची. पण इथे हात बाजूला घेणंसुद्धा वाचलं जाणार होतं. ती सॅक कशीही धरली तरी ती काहीतरी सांगत होती, आणि ते सांगायचा फुल्वियाला कसलाच हक्क नव्हता, आणि तेच सांगायला ती चार दिवस पाठीवर घेऊन हिंडली होती की काय, हे आता तिला ठरवता येत नव्हतं.

शेवटचं कडवं झालं. तो आवाज परत आला नाही. जाळीमागे सळसळ झाली, या खेपेला उठण्याची, आणि खूप पावलं एका लयीत दूर गेली. सगळी गेली का, एक राहिलं का, हे मोजता येऊ नये इतकी ती पावलं सारखी होती. मागच्या बाकांवरचा दिवा गेला. म्हातारी काठी टेकत उठली, फुल्वियाच्या गुडघ्याला तिचा हात लागला. "उशीर करतात हल्ली गायला," ती पुटपुटली. झिता मेणबत्त्या विझवत बाकांपर्यंत आली.

"पोरी, सहा वीसची बस."

"हो."

"आणि ते ओझं कशाला धरून बसलीस? खाली ठेव की जरा. फरशी वाळली आता."

फुल्वियाने खाली पाहिलं. फरशी खरंच वाळली होती. तिने दोन्ही हात सॅकभोवती आणखी जवळ घेतले. जाळीमागे काळोख होता, आणि काळोखातून उजेडातलं चांगलं दिसतं. ती डोळे उघडे ठेवून तिकडे पाहत बसली. झिता तिच्याजवळची शेवटची मेणबत्ती विझवायला वाकली.